दोन बिंदूंमध्ये सिलिंडर आणि सांध्यावर फिरणारा हात: आकार जागेवर का बसत नाहीत?

अक्षशून्य (प्रश्न)

थ्री.जेएसमध्ये (ब्राउझरमध्ये त्रिमितीय चित्रं काढणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) पोकलेनचा हात कोडमधूनच उभा करतोय. बाहेरून तयार मॉडेल आणायचं नाहीये, सगळं घन, सिलिंडर आणि गोल यांतूनच करायचं आहे. बूम ३ एकक लांब, त्याच्या टोकाला आर्म २ एकक लांब, दोन्हींची जाडी ०.५. दोघांमध्ये हायड्रॉलिक जॅक. शिवाय बाजूला पाइपांची एक जाळी आहे. तिथे गोलांच्या केंद्रांची यादी हातात आहे आणि ठरावीक जोड्या सिलिंडरने जोडायच्या आहेत.

पाइपांचं असं झालंय: सिलिंडरची पोझिशन पहिल्या गोलावर ठेवली आणि लुक-ॲट (वस्तू एखाद्या बिंदूकडे वळवणारं फंक्शन) वापरून दुसऱ्या गोलाकडे वळवला. पण तो बरोबर काटकोनात आडवा पडतो, आणि वर अर्धा मागे, अर्धा पुढे.

हाताचं दुखणं वेगळं आहे. बूमला फिरवलं की तो खालच्या टोकाभोवती न फिरता पोटातून फिरतो, पंख्याच्या पात्यासारखा. आर्म मी बूमचा चाइल्ड केला आहे, म्हणजे बूम त्याचा पॅरेंट, बूम हलला की आर्मही सोबत हलतो. बूम म्हणजे १×१×१ चा घन, त्याला स्केल (०.५, ३, ०.५). आर्म सरळ असताना अवाढव्य लांब दिसतो, ९० अंशात वळवला की आखूड आणि जाड होतो, आणि मधल्या कोनांत तर चक्क तिरपा, समांतरभुज चौकोनासारखा दिसतो. कोन तपासले, आकडे बरोबर आहेत. मग आकार का बिघडतो?

शिरोबिंदू

आधी पाइपांचं सांगतो, ते स्वतंत्र आहे.

थ्री.जेएसचा सिलिंडर दोन गोष्टी गृहीत धरून बनतो. त्याची लांबी वाय अक्षावर असते आणि आदिबिंदू बरोबर मध्यावर असतो. म्हणजे उंची ५ दिली तर तो वाय = −२.५ पासून +२.५ पर्यंत जातो. लुक-ॲट मात्र मेशचा (सीनमध्ये ठेवलेल्या आकाराचा) अधिक झेड अक्ष लक्ष्याकडे वळवतो. तो त्याचं काम चोख करतोय, फक्त तुमच्या नळीची लांबी त्या अक्षावर नाहीये. म्हणून काटकोन. आणि "अर्धा मागे, अर्धा पुढे" हे मध्यावरच्या आदिबिंदूमुळे.

लुक-ॲट सोडा, थेट दिशेवरून क्वाटर्नियन (फिरणं चार आकड्यांत मांडण्याची पद्धत) काढा. अ आणि ब ही दोन केंद्रं:

दिशा = ब − अ
लांबी = दिशेचं परिमाण
एकक = दिशा ÷ लांबी
मध्य = (अ + ब) ÷ २
फिरणं = (०, १, ०) पासून एककाकडे नेणारं क्वाटर्नियन

सिलिंडरची पोझिशन मध्यावर ठेवा, उंची म्हणून लांबी द्या आणि क्वाटर्नियनवर सेट-फ्रॉम-युनिट-व्हेक्टर्स चालवा. पहिला सदिश (०, १, ०), दुसरा एकक. दोन्ही खरोखर एकक लांबीचेच हवेत. तिथे दिशा तशीच टाकून दिली तर कोन चुकतो आणि कन्सोलमध्ये काहीही तक्रार येत नाही.

हाताने पडताळायला आकडे घ्या. अ = (१, ०, २), ब = (३, ३, ८). दिशा (२, ३, ६), लांबी बरोबर ७, मध्य (२, १.५, ५). एकक (०.२८६, ०.४२९, ०.८५७). आता (०, १, ०) आणि एकक यांचा सदिश गुणाकार (०.८५७, ०, −०.२८६), अदिश गुणाकार ०.४२९. क्वाटर्नियनचे पहिले तीन घटक म्हणजे हा सदिश गुणाकार, चौथा घटक १ + ०.४२९ = १.४२९. चौघांना एकत्र एकक लांबीचं केलं की (०.५०७, ०, −०.१६९, ०.८४५). तुमच्या कोडने हेच आकडे छापले तर गणित बरोबर आहे आणि चूक दुसरीकडे शोधायची.

हे सूत्र स्वतः लिहिलंत तर एक खड्डा आहे. ब बरोबर अ च्या खाली असेल तर अदिश गुणाकार −१ येतो, चौथा घटक शून्य होतो, सदिश गुणाकारही शून्य, आणि हाती रिकामं क्वाटर्नियन येतं. अशा वेळी एक्स अक्षाभोवती १८० अंश फिरवायचं. थ्री.जेएसच्या फंक्शनमध्ये ही सोय आधीच आहे. अ आणि ब एकाच जागी असतील तर लांबी शून्य, आणि शून्याने भागल्यावर नॅन (NaN, "हा आकडाच नाही" अशी खूण) पुढे सगळीकडे पसरतो. तो नळीपुरता राहत नाही, त्यावर अवलंबून असलेली प्रत्येक गोष्ट पडद्यावरून गायब होते. म्हणून लांबी ०.००००१ पेक्षा कमी असेल तर ती नळी सरळ लपवा.

नळ्या खूप असतील तर प्रत्येकीसाठी वेगळी जॉमेट्री (आकाराच्या बिंदूंचा साचा) बनवू नका. उंची १, त्रिज्या १ असा एकच सिलिंडर बनवा, जॉमेट्रीवर ट्रान्सलेट (०, ०.५, ०) एकदाच चालवा. आता बूड आदिबिंदूवर आलं. मग प्रत्येक नळीची पोझिशन थेट अ, स्केल (त्रिज्या, लांबी, त्रिज्या), मध्य काढायची गरजच नाही. हजारोंनी असतील तर प्रत्येक नळीची जागा, फिरणं आणि स्केल एका मॅट्रिक्समध्ये एकत्र करून ते इन्स्टन्स्ड-मेशमध्ये (एकच आकार अनेक जागी काढणारा मेश) भरा आणि शेवटी इन्स्टन्स-मॅट्रिक्सचा नीड्स-अपडेट खरा करा. तो विसरला तर नंतरचे बदल पडद्यावर उमटतच नाहीत.

स्केल असा एकाच अक्षावर ताणल्यावर प्रकाश बिघडेल का, हा प्रश्न पुढे येईलच. सरळ सिलिंडरच्या भिंतीचे नॉर्मल (पृष्ठभागाला लंब असलेले सदिश, ज्यांवरून प्रकाश ठरतो) वाय दिशेला शून्य असतात, त्यामुळे वायमध्ये ताणलं तरी ते जागचे हलत नाहीत. शंकूचं तसं नाही, त्याचे नॉर्मल कललेले असतात आणि ताणल्यावर त्यांना मॅट्रिक्सच्या व्यस्ताचा परिवर्त लागतो. थ्री.जेएसची नेहमीची मटेरियल्स ते स्वतः करतात, पण शेडर (रंग आणि प्रकाश ठरवणारा ग्राफिक्स कार्डवरचा कोड) स्वतः लिहिलात तर नॉर्मल-मॅट्रिक्स वापरायचं भान तुम्हालाच ठेवावं लागेल.

सांधेजोड

हाताबद्दल. तुमचे कोन बरोबर आहेत हे पटतं. बिघाड स्केलमध्ये आहे, आणि तो असा दिसतो यामागचं गणित एकदा उघडून बघण्यासारखं आहे, कारण पुढे कुठलाही सांधा बनवताना हेच परत भेटेल.

पॅरेंटचं संपूर्ण मॅट्रिक्स चाइल्डला लागतं. जागा आणि कोन यांच्याबरोबर स्केलही. तुमच्या बूमचं स्केल (०.५, ३, ०.५). आर्म ०.५×२×०.५ चा आहे असं तुम्ही समजता, पण सरळ स्थितीत तो ०.२५×६×०.२५ होतो. ही झाली अवाढव्य लांबी. आता आर्म झेड अक्षाभोवती ९० अंश वळवा. त्याची लांबी आता बूमच्या एक्स दिशेला आली, तिथे स्केल ०.५, म्हणजे २ चे झाले १. त्याची जाडी बूमच्या वाय दिशेला आली, तिथे स्केल ३, म्हणजे ०.५ चे झाले १.५. आखूड आणि जाड. ४५ अंशांवर आर्मच्या लांबीची दिशा (१, १) होती ती ताणून (०.५, ३) झाली आणि जाडीची दिशा (−१, १) होती ती (−०.५, ३) झाली. या दोन दिशांमधला कोन ९० अंश असायला हवा, तो उरला जेमतेम १९. तुमचा समांतरभुज चौकोन तो हाच.

आणखी एक गोष्ट. असा तिरपा झालेला आकार पोझिशन, फिरणं आणि स्केल या तीन आकड्यांच्या गटांत परत मोडताच येत नाही. त्यामुळे अशा झाडातून एखादा भाग अटॅच वापरून दुसऱ्या पॅरेंटकडे नेला की तो उडी मारून भलतीकडे जातो किंवा वेगळ्याच आकारात दिसतो. ते बग म्हणून शोधत बसू नका.

उपाय असा की सांधा आणि आकार या दोन गोष्टी वेगळ्या नोडवर ठेवायच्या. सांधा म्हणजे रिकामा ग्रुप. त्याला जागा आणि कोन असतो, स्केल कायम (१, १, १). आकार म्हणजे मेश, तो ग्रुपच्या आत पानासारखा लटकतो. त्याला हवं ते स्केल द्या, पण त्याच्याखाली कोणी चाइल्ड नको. तुमच्या हाताची रचना अशी होईल:

खांदा-ग्रुप: जागा (०, ०, ०)
 बूम-मेश: जागा (०, १.५, ०), माप ०.५×३×०.५
 कोपर-ग्रुप: जागा (०, ३, ०)
  आर्म-मेश: जागा (०, १, ०), माप ०.५×२×०.५
  मनगट-ग्रुप: जागा (०, २, ०)
   बकेट-मेश

कोपर-ग्रुप हा बूम-मेशचा नाही, खांदा-ग्रुपचा चाइल्ड आहे. सगळी खुबी त्या एका ओळीत आहे. बूम-मेश अर्ध्या लांबीने वर सरकवल्यामुळे त्याचं खालचं टोक ग्रुपच्या आदिबिंदूवर येतं. आता मेशला हात लावायचा नाही, फिरवायचं ते खांदा-ग्रुपला, म्हणजे पोटातून फिरणंही गेलं. जॉमेट्रीच ट्रान्सलेट केली तरी चालतं, पण एकच जॉमेट्री दोन-तीन मेश वापरत असतील तर ती सगळ्यांसाठी सरकते, हे लक्षात असू द्या. मापं शक्यतो जॉमेट्री बनवतानाच द्या, स्केलची गरज पडू देऊ नका.

रचना बरोबर आहे का हे डोळ्यांनी ठरवू नका, आकड्यांनी ठरवा. दोन्ही कोन शून्य असताना मनगटाची जागतिक जागा (०, ५, ०) यायला हवी. खांदा झेडभोवती +९० अंश, कोपर शून्य: (−५, ०, ०). खांदा +९० आणि कोपरही +९०: (−३, −२, ०). तिसरी स्थिती चुकली आणि पहिल्या दोन बरोबर आल्या तर कोपर-ग्रुप चुकीच्या ठिकाणी आहे किंवा चुकीच्या पॅरेंटखाली आहे. कोन रेडियनमध्ये द्यायचे आहेत, ९० अंश म्हणजे १.५७०८. चुकून ९० लिहिलं तर आर्म चौदा-साडेचौदा फेऱ्या मारून कुठेतरी थांबतो आणि ते "जवळपास बरोबर" दिसण्याची शक्यता असते, म्हणूनच तो घोळ उशिरा सापडतो.

प्रत्येक ग्रुपला ॲक्सेस-हेल्पर (AxesHelper, तिन्ही अक्ष रंगीत रेषांनी दाखवणारा) लावून ठेवा. लाल एक्स, हिरवा वाय, निळा झेड. काम संपेपर्यंत तो काढू नका.

आदिबिंदू

वरचं सगळं थ्री.जेएसच्या गृहीतकांवर चाललंय. दुसरीकडून कोड उचलून आणणाऱ्यांसाठी थोडं.

जुन्या ओपनजीएलमध्ये (त्रिमितीय चित्रं काढण्याची एक व्यवस्था) जीएलयू या तिच्या मदतनीस लायब्ररीचा सिलिंडर झेड अक्षावर असतो आणि त्याचं बूड आदिबिंदूवर असतं, मध्य नाही. म्हणून जुन्या उदाहरणातलं "अर्ध्या उंचीने सरकवा" इथे लागतं आणि तिथे लागत नाही, किंवा उलट. तिथे रोटेट अंशांत घेतो. युनिटी या गेम-इंजिनाचा तयार सिलिंडर वाय अक्षावर, पण उंची २ आणि व्यास १, त्यामुळे दोन बिंदूंमधली लांबी स्केलच्या वायला देताना निम्मी करावी लागते. शिवाय युनिटी डावखुरी प्रणाली वापरते, तिथे अधिक कोन उलट्या दिशेला फिरल्यासारखा दिसतो. ब्लेंडर या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये वरची दिशा झेड, जीएलटीएफ या मॉडेलच्या फाइल-प्रकारात वाय.

क्रमाबद्दल: स्तंभ-सदिश वापरणाऱ्या पद्धतीत मॅट्रिक्स सरकवणं × फिरवणं × स्केल या क्रमाने लिहितात आणि शिरोबिंदूला उजवीकडून लागतात. आधी स्केल, मग फिरणं, शेवटी सरकणं. जुन्या ओपनजीएलमध्येही कोडमध्ये सगळ्यात शेवटी लिहिलेला आदेश शिरोबिंदूला सगळ्यात आधी लागतो. (०, १, ०) हा बिंदू घ्या. आधी झेडभोवती ९० अंश फिरवून मग एक्समध्ये ५ सरकवला तर (४, ०, ०). आधी सरकवून मग फिरवला तर (−१, ५, ०). आकार भलत्याच कक्षेत घिरट्या घालत असेल तर पहिला संशय यावरच घ्या.

अक्षशून्य

ग्रुपवाली रचना केली, तिन्ही स्थितींचे आकडे जुळले. पाइपही बसले. दोघांचे आभार.

आता जॅक. बूमवर एक बिंदू (०.५, १, ०), खांदा-ग्रुपच्या मापात, म्हणजे त्याचा आदिबिंदू आणि अक्ष धरून. आर्मवर एक बिंदू (०.५, ०.५, ०), कोपर-ग्रुपच्या मापात. दोघांची जागतिक जागा काढून पाइपांसारखंच मध्ये सिलिंडर ताणला. दोन त्रास. एक, हात जोरात फिरवला की जॅक मागे राहतो, थांबल्यावर येऊन चिकटतो. दोन, जॅक नीट असावा म्हणून तो खांदा-ग्रुपमध्ये टाकला तर खांदा फिरवल्यावर तो भलतीकडेच जातो. आणि एक दिसण्यातली अडचण: कोपरापाशी बाहेरच्या बाजूला पाचरीसारखी फट दिसते, आतल्या बाजूला पृष्ठभाग लुकलुकतो.

सांधेजोड

दुसरा त्रास आधी, कारण तो सुटला की पहिला अर्धा सुटतो.

तुम्ही जागतिक जागा काढली आणि ती खांदा-ग्रुपच्या चाइल्डची पोझिशन म्हणून दिली. पोझिशन नेहमी पॅरेंटच्या मापात वाचली जाते. म्हणजे खांद्याचं फिरणं त्या आकड्यांत एकदा आलेलं आहे आणि पॅरेंटमुळे परत एकदा लागतंय. खांद्याचा कोन शून्य असताना हे कळत नाही, कारण तुमच्या रचनेत तेव्हा दोन्ही मापं एकच असतात. एक तर जॅक थेट सीनमध्ये ठेवा आणि जागतिक आकडे वापरा, किंवा खांदा-ग्रुपमध्ये ठेवा आणि दोन्ही टोकं खांद्याच्या मापात आणा. दुसरा मार्ग इथे सरस आहे. बूमवरचा बिंदू आधीच त्या मापात आहे, (०.५, १, ०), तो कधी बदलतच नाही. आर्मवरचा बिंदू फक्त कोपराच्या कोनाने फिरवून त्यात (०, ३, ०) मिळवायचा. खांद्याचा हिशेबात संबंधच येत नाही.

मागे राहण्याचं कारण क्रमात आहे. जागतिक मॅट्रिक्स साधारणपणे रेंडर होताना ताजं होतं. कोन बदलल्यावर लगेच मॅट्रिक्स-वर्ल्ड वाचलं तर त्यात आधीच्या फ्रेमची स्थिती असते. तुमच्या लूपमध्ये आधी जॅकचा हिशेब आणि मग कोन असं असेल तरी हेच होणार. क्रम असा ठेवा: सगळे कोन लावा, मग कोपर-ग्रुपवर अपडेट-वर्ल्ड-मॅट्रिक्स पूर्वजांसह चालवा, मग टोकं वाचा, मग जॅक बसवा, मग रेंडर. गेट-वर्ल्ड-पोझिशन हे ताजं करणं आतल्या आत करतं. मॅट्रिक्स थेट वाचताना ते तुमच्या अंगावर असतं.

आता जॅकच ताणू नका. खरा जॅक लांब होत नाही, त्याचा दांडा नळीतून बाहेर येतो, आणि ताणलेल्या सिलिंडरवर काही नक्षी किंवा कडी असेल तर ती रबरासारखी दिसते. दोन भाग करा. नळीचं बूड बूमवरच्या बिंदूवर, तोंड आर्मवरच्या बिंदूकडे. दांड्याचं बूड आर्मवरच्या बिंदूवर, तोंड बूमवरच्या बिंदूकडे. दोघांची लांबी कायम. दिशा एकच, फक्त उलटसुलट.

लांबी किती घ्यायची ते तुमच्या बिंदूंवरून निघतं. कोपर शून्यावर असताना आर्मवरचा बिंदू खांद्याच्या मापात (०.५, ३.५, ०), म्हणजे अंतर २.५. कोपर −४५ अंशांवर तो (०.७०७, ३, ०), अंतर सुमारे २.०१. कोपर −९० वर (०.५, २.५, ०), अंतर १.५. नळी आणि दांडा दोन्ही सगळ्यात कमी अंतरापेक्षा, म्हणजे १.५ पेक्षा आखूड हवेत, नाहीतर दाबल्यावर एकाचं टोक दुसऱ्याच्या जोडबिंदूच्या पलीकडे घुसतं. आणि दोघांची बेरीज सगळ्यात जास्त अंतरापेक्षा, म्हणजे २.५ पेक्षा मोठी हवी, नाहीतर ताणल्यावर दांडा नळीतून निसटून हवेत लोंबतो. दोन्ही १.४ घ्या: बेरीज २.८, पूर्ण ताणावर ०.३ आत राहतो. नळीची त्रिज्या ०.१२, दांड्याची ०.०७ ठेवली तर दोघांचे पृष्ठभाग एकमेकांना भिडत नाहीत.

कोपर अधिक बाजूला जाऊ देऊ नका. +९० ला बिंदू (−०.५, ३.५, ०) होतो आणि जॅक बूमच्या आरपार जातो. मर्यादा ० ते −९० अशी कोडमध्येच बांधा.

पृष्ठभाग

फट आणि लुकलुक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फट येते कारण दोन सपाट टोकं एका बिंदूवर मिळतात आणि वळल्यावर बाहेरच्या बाजूला उघडतात. ती भरायला सांध्यावर स्वतंत्र आकार बसवा, तो कोपर-ग्रुपच्या आदिबिंदूवर. तुमचा हात चौकोनी आहे आणि फक्त झेडभोवती वळतो, म्हणून गोलापेक्षा आडवा सिलिंडर योग्य: त्रिज्या ०.२५, लांबी ०.५ पेक्षा किंचित जास्त, म्हणजे ०.५२, आणि एक्सभोवती ९० अंश फिरवून झेड अक्षावर आणलेला. जास्तीच्या ०.०२ मुळे त्याची सपाट टोकं हाताच्या भिंतींच्या ०.०१ बाहेर राहतात. खऱ्या यंत्रातही तिथे खीळच असते, त्यामुळे ते उपरं दिसत नाही.

लुकलुक म्हणजे दोन पृष्ठभाग एकाच प्रतलात आहेत आणि डेप्थ बफरला (दर पिक्सेलचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर साठवणारी जागा) कोणता पुढे ते ठरवता येत नाही, दर पिक्सेलला निकाल बदलतो. बूम आणि आर्म दोन्हींची जाडी ०.५, दोघांच्या बाजूच्या भिंती झेड = ०.२५ वर, आणि वळल्यावर त्या आतल्या कोपऱ्यात एकमेकींवर येतात. आर्मची जाडी झेड दिशेला ०.४८ करा, झालं. कॅमेऱ्याचा निअर (ज्या अंतरापासून पुढचं दिसू लागतं ते) ०.००१ सारखा बारीक ठेवला असेल तर लांबचे जवळजवळ ठेवलेले पृष्ठभागही लुकलुकतात, कारण डेप्थची बहुतेक अचूकता कॅमेऱ्याच्या नाकापाशी खर्च होते. या सीनला ०.१ पुरेसा आहे.

पाइपांच्या जाळीत गोल आणि नळी जिथे मिळतात तिथे एक हिशेब कामी येतो. गोलाची त्रिज्या मोठी, नळीची लहान. नळीची भिंत गोलाला केंद्रापासून जितक्या अक्षीय अंतरावर भेटते ते अंतर म्हणजे दोन त्रिज्यांच्या वर्गांच्या वजाबाकीचं वर्गमूळ. गोल ०.५ आणि नळी ०.३ असेल तर ०.४. नळी केंद्रापासून ०.४ किंवा त्याहून जवळ सुरू झाली तर फट नाही. ०.५ वर सुरू केली, म्हणजे "गोलाच्या पृष्ठभागापासून", तर कडेला रिंगणासारखी फट राहते, आणि बहुतेक जण नेमके तिथेच चुकतात. अपारदर्शक मटेरियल असेल तर नळी केंद्रापासून केंद्रापर्यंत जाऊ दे, काही बिघडत नाही. पारदर्शक असेल तर मात्र गोलाच्या आतली नळी दिसते, तेव्हा हे ०.४ लागतं.

गोल आणि नळी एकाच त्रिज्येचे ठेवून गुळगुळीत वळण हवं असेल तर बाजूंची संख्या बघा. ८ बाजूंचा सिलिंडर म्हणजे अष्टकोन. त्याच्या सपाट बाजूचा मध्य अक्षापासून त्रिज्येच्या ०.९२४ पट अंतरावरच असतो. गोल जास्त तुकड्यांचा असेल तर तो त्या बाजूंमधून फुगून बाहेर येतो. १६ बाजूंना हे प्रमाण ०.९८१, ३२ ला ०.९९५. जवळून बघायचं असेल तर ३२, लांबच्या जाळीला १६ खूप झाले.

गोल न वापरता पाइप कोपऱ्यात कापून जोडायचा असेल तर दोन्ही तुकड्यांचं टोक दुभाजक प्रतलात आणावं लागतं आणि तो छेद एका दिशेला ताणला जातो. ताण = १ ÷ कोसाइन (वळणाचा अर्धा कोन). ९० अंशांच्या वळणाला १.४१, १५० अंशांच्या वळणाला ३.८६, म्हणजे कोपऱ्यातून भाला बाहेर आल्यासारखं टोक. ९० च्या पुढे हा मार्ग सोडा आणि गोल बसवा.

अक्षशून्य

फट गेली, लुकलुक गेली, जॅक दोन भागांचा केल्यावर फार छान दिसतोय. शेवटचं एकच: मनगट एका दिलेल्या बिंदूवर न्यायचं असेल तर दोन्ही कोन कसे काढायचे? बिंदू एक्स-वाय प्रतलातच आहे.

शिरोबिंदू

त्रिकोण आहे, तिन्ही बाजू माहीत आहेत. ३, २ आणि खांद्यापासून लक्ष्यापर्यंतचं अंतर. कोसाइन सूत्राने दोन कोन निघतात.

लक्ष्य (०, ४, ०) घ्या, अंतर ४. कोपरातला आतला कोन: (९ + ४ − १६) ÷ १२ = −०.२५, कोन १०४.५ अंश. तुमचा कोपर सरळ असताना शून्य मोजतो, म्हणून वळण १८० − १०४.५ = ७५.५, आणि तुमच्या बाजूने −७५.५. खांद्यापाशी बूम आणि लक्ष्यरेषा यांच्यातला कोन: (९ + १६ − ४) ÷ २४ = ०.८७५, कोन २९ अंश. लक्ष्यरेषा वाय अक्षावरच आहे म्हणून खांदा +२९. ती वाय अक्षापासून कललेली असेल तर तो कल या २९ मध्ये मिळवायचा. कल काढायला दोन आर्ग्युमेंटचा आर्कटॅन वापरा, पहिला −एक्स, दुसरा वाय, म्हणजे चारही चरणांत चिन्ह बरोबर येतं. या स्थितीत जॅकची लांबी १.६४ येते, १.४ च्या नळीला आणि दांड्याला चालते.

अंतर ५ पेक्षा जास्त असेल तर हात पोहोचतच नाही आणि आर्ककोसाइनला १ च्या बाहेरचा आकडा जाऊन नॅन येतो. नेमक्या ५ वरही दशांशांच्या गोळाबेरजेने १.००००००१ येऊ शकतो, म्हणून आर्ककोसाइनच्या आधी आकडा −१ ते १ मध्ये दाबून घ्या. खालची मर्यादा तुमच्या बाबतीत ३ − २ = १ नाही. कोपर −९० च्या पुढे जात नाही, त्यामुळे सगळ्यात जवळचं अंतर १३ चं वर्गमूळ, ३.६०६. त्याहून जवळचं लक्ष्य आलं तर अंतर ३.६०६ धरूनच दोन्ही कोन काढा. हात योग्य दिशेला वळेल आणि लक्ष्याच्या थोडा पुढे थांबेल.